रिकॉलला गाडी जुनी झाल्याचं कारण चालत नाही

तुमच्या २००८ च्या पिकअपला टकाटा कंपनीच्या एअरबॅगचा रिकॉल आहे (म्हणजे दोष असल्याने कंपनीने गाडी परत बोलावून फुकट दुरुस्त करून देणं), आणि डीलर "गाडी जुनी झाली, आता रिकॉल लागू नाही" म्हणाला ना, ते ऐकून सोडून देऊ नका प्लीज. अमेरिकेत फुकट दुरुस्तीसाठी १५ वर्षांची अट आहे ती पहिल्या विक्रीपासून रिकॉल जाहीर होईपर्यंतची, तुम्ही गाडी दुरुस्तीला कधी घेऊन जाता त्याच्याशी तिचा संबंध नाही. तुमची नोटीस २०१९ ची, म्हणजे काम फुकटच व्हायला हवं, आणि गाडी सेकंडहँड घेतली असली तरी.

आमचा ट्रक २००६ चा, ह्यूस्टनमध्ये असतो, त्याचा पण टकाटा एअरबॅगचाच रिकॉल होता. डीलरने तीन महिने "पार्ट आला की फोन करतो" म्हणून लटकवलं, फोन काही आला नाही. मग मी एनएचटीएसएच्या (अमेरिकेची सरकारी रस्ता-सुरक्षा संस्था) साइटवर व्हिन, म्हणजे गाडीचा १७ अक्षरं-अंकांचा ओळख नंबर, टाकून रिकॉल ओपन दिसतोय त्याची प्रिंट काढली, कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून केस नंबर घेतला आणि दुसऱ्याच डीलरकडे गेलो, तिथे आठवड्यात काम झालं. त्याच ब्रँडचा कुठलाही डीलर चालतो, जिथून घेतली तिथेच जायची सक्ती नाही. एवढं करूनही टाळलं तर एनएचटीएसएकडे तक्रार टाका.

आणि एक, त्या एअरबॅगच्या इन्फ्लेटरमधलं (एअरबॅग फुगवणारा भाग) अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणाने वर्षानुवर्षं खराब होत जातं आणि मग एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडतात, त्यात माणसं गेलीयेत. म्हणजे गाडी जितकी जुनी तितका धोका जास्त. काम होईपर्यंत शक्यतो दुसरी गाडी वापरा, लोनर (दुरुस्ती होईपर्यंत वापरायला दिलेली गाडी) मागून बघा, काही डीलर देतात.