न्गोरोंगोरो क्रेटर एका दिवसात, आईला झेपेल का? आणि गेंडा खरंच दिसतो का?

माळरान_भटक्या
नमस्कार मंडळी. जुलैत टांझानियाला जातोय, सेरेंगेटीचं सगळं ठरलंय, परतीच्या वाटेवर करातू गावी मुक्काम आहे आणि तिथे एक अख्खा दिवस मोकळा आहे. ऑपरेटर म्हणतो न्गोरोंगोरो क्रेटरमध्ये, म्हणजे जुन्या ज्वालामुखीच्या प्राण्यांनी भरलेल्या विवरात, उतरा, पहाटे साडेपाचला निघायचं. सोबत आई आहे, सत्तरी ओलांडलीय, गुडघे कुरकुरतात पण हौस दांडगी, तिला गेंडा बघायचाच आहे, बाकी काही नाही दिसलं तरी चालेल म्हणते. एवढ्या लवकर निघून खरंच फरक पडतो का, की उगाच पळवतात? दिवसभर गाडीत बसणं झेपेल का? आणि बाथरूमचं काय करतात तिथे? बायकोच्या मते अर्धा दिवस पुरे.

सोनकी
पहाटेच निघा, यात घासाघीस नको. गेट सहाला उघडतं आणि खाली उतरणाऱ्या पहिल्या चार-पाच गाड्यांत असलात तर पहिला तासभर क्रेटर तुमचंच. सिंह, तरस तेव्हा हालचालीत असतात, आणि गेंडे रात्री लेराईच्या झाडीत किंवा आसपास असतात ते सकाळी उघड्यावर दिसायची शक्यता जास्त. उन्हं वर आली की जमिनीवरची हवा अशी थरथरते की दुर्बिणीतून लांबचं काहीच धड दिसत नाही. गेंडा दिसेल पण बहुतेक लांबून, राखाडी ठिपका आणि मग कोणीतरी ओरडतं "अगं शिंग बघ शिंग", एवढी तयारी आईच्या मनाची करून ठेवा. काळे गेंडे आहेत ते. १९६० च्या दशकात इथे शंभरावर होते, मग चोरट्या शिकारीने १९९० च्या दशकात दहा-पंधरावर आले, आता पहारा कडक आहे आणि संख्या हळूहळू सावरतेय, म्हणून गाडी रस्ता सोडून त्यांच्या जवळ नेता येत नाही, ड्रायव्हरला आग्रह करू नका.

थंडी मात्र मनावर घ्या. क्रेटरचा वरचा कडा साधारण २३०० मीटरवर आहे, जुलैत धुकं आणि बोचरा वारा, छप्पर वर केलं की दात वाजतात. आईला कानटोपी, मफलर सगळं. खाली तळ सहाशेक मीटर खोल आहे, दहापर्यंत एकेक कपडा उतरवायला लागतो.

बाथरूम फक्त पिकनिकच्या जागांवर, बाकी कुठेही गाडीतून उतरायचं नाही. ड्रायव्हरला सकाळीच स्पष्ट सांगा, लाजू नका, त्यांना सवय असते. आणि बाथरूमच्या भीतीपोटी आईला पाणी कमी पिऊ देऊ नका, बऱ्याच बायका तेच करतात आणि दुपारी डोकं धरून बसतात.

बाभूळबन
मी विरुद्ध मत देतो. एकच दिवस असेल तर तारांगिरे राष्ट्रीय उद्यान बघा, करातूहून दोनेक तास. जुलैत कोरडा मोसम, नदीवर हत्तींचे कळपच्या कळप, पिल्लं वगैरे, आणि ती अवाढव्य बाओबाबची झाडं. क्रेटरमध्ये हत्ती आहेत पण बहुतेक एकटेदुकटे म्हातारे नर, लांब सुळ्यांचे, आणि जिराफ तर तिथे अजिबात नाहीत. शिवाय सिंहीण दिसली की वीस गाड्यांची जत्रा. फक्त तारांगिरेत निळे काळे कपडे घालू नका, त्सेत्से माश्या त्या रंगांवर तुटून पडतात आणि कपड्यावरूनही चावतात.

सोनकी
@बाभूळबन आईला गेंडा हवाय हो, तारांगिरेत कुठून आणणार?

रानवाटा७
गर्दीचं खरं आहे, पण गाड्या जिथे जमतात तिथे जायलाच हवं असं कुठेय? आम्ही ड्रायव्हरला सांगितलं की रेडिओवर बोलावलं तरी धावू नकोस, आणि एका डबक्यापाशी थांबलो जिथे एक तरस पोटापर्यंत चिखलात बसून होतं. बाकीच्या गाड्या बघून न बघितल्यासारख्या पुढे जात होत्या. अर्ध्या तासात आणखी सात-आठ तरसं गोळा झाली, शेपट्या वर, आणि कळपातली एक विल्डबीस्ट (मोठं आफ्रिकन हरीण) वेगळी पाडायचा उद्योग सुरू. लोकांना वाटतं तरस म्हणजे सिंहाचं उष्टं खाणारं. प्राणीशास्त्रज्ञ हान्स क्रूक यांनी १९६० च्या दशकात इथेच रात्र रात्र तरसांच्या मागावर राहून दाखवलं की या क्रेटरमध्ये शिकार बरेचदा तरसं करतात आणि सिंह येऊन ती हिसकावतात. आमच्या तरसांचा डाव मात्र फसला, विल्डबीस्ट निसटली.

सिंहांचीही गंमत आहे. १९६२ मध्ये मोठ्या पावसानंतर चावऱ्या माश्यांचा एवढा सुळसुळाट झाला की सिंह जेमतेम दहाच्या आसपास उरले, आणि आज दिसतात ते जवळजवळ सगळे त्या मूठभरांचेच वंशज, बाहेरून फारसं कोणी उतरत नाही. एक सिंहीण दुपारी आमच्या गाडीच्या सावलीत येऊन पसरली, कानाच्या कडेला चिकटलेल्या गोचिड्या सुद्धा दिसत होत्या. इंजिन सुरू करायची सोय नाही, वीस मिनिटं तसेच गप्प बसलो.

अर्धा दिवस पुरे का, तर नाही. गाडीमागे क्रेटर फी वेगळी असते आणि ती पॅकेजमध्ये आहे का ते आधी विचारा, एवढे डॉलर मोजून बाराला वर यायचं म्हणजे वेडेपणा. संध्याकाळी सहाच्या आत वर यावं लागतं, चारला चढायला लागलात तरी आईला भरपूर झालं.

माळरान_भटक्या
तरसाचं वाचून आईला दाखवलं, ती म्हणते मला तरसं पण हवीत 😄 क्रेटरच ठरलं, पूर्ण दिवस. फी पॅकेजमध्ये नव्हती बरं का, आत्ता विचारलं! धक्क्यांचं कोणी बोललं नाही, कंबरेचं काय?

सोनकी
मधली सीट घ्या, शेवटची अजिबात नको, मागच्या चाकावर सगळे दणके तिथेच बसतात. कंबरेला छोटी उशी. उतरायचा रस्ता सगळ्यात तीव्र आहे, खालची वाट त्यामानाने बरी, नुसती धूळ. आणि न्गोइटोकिटोकच्या तळ्यापाशी जेवायला थांबाल तेव्हा डबा गाडीतच उघडा, पाणघोडे लांब असतात पण घारी हातातला घास उचलून नेतात, नखं लागतात.

बाभूळबन
दुर्बीण माणशी एक घ्या. एकाच दुर्बिणीत गेंडा दिसेपर्यंत तो झाडीत गेलेला असतो.