‘महाएपिसोड’मधला ‘महा’ नेमका कोणता?

प्रश्न

‘महाएपिसोड’, ‘महारविवार’, ‘महासंगम’, ‘महाअंतिम सोहळा’ हे शब्द मराठी वाहिन्यांनी आपल्या तोंडी बसवले. आता ते मालिकांपुरतेही राहिलेले नाहीत. नवरात्रात आमच्या सोसायटीच्या गटावर ‘महाभोंडला’चं निमंत्रण आलं, संक्रांतीला ‘महाहळदीकुंकू’ झालं. हा ‘महा’ ‘महाराज’, ‘महासागर’ यांतलाच का? ‘महा’ आणि ‘उत्सव’ मिळून ‘महोत्सव’ होतो, मग ‘महाएपिसोड’ तसाच कसा राहतो? आणि जोडून लिहायचा की तोडून? मुलांना शिकवताना अडते, म्हणून विचारते आहे.

प्रतिसाद १

ताई, मूळ एकच आहे. संस्कृतातला ‘महत्’ समासात पुढे आला की ‘महा’ होतो: महाराज, महासागर, महाकाव्य. अर्थ मोठा, थोर. आपला ‘महाग’सुद्धा त्याच घरातला, ‘महार्घ’ म्हणजे मोठ्या किमतीचा, तो झिजून ‘महाग’ झाला.

पण वाहिन्यांचा ‘महा’ मला या ‘थोर’ अर्थाचा वाटत नाही. तो पूजाअर्चेच्या आणि सणावाराच्या मराठीतून आला आहे. शिवरात्र दर महिन्याच्या वद्य चतुर्दशीला असते, माघातली तेवढी महाशिवरात्र. नैवेद्य रोजचा, सणाला महानैवेद्य. पंढरपुरात विठ्ठलाची नित्यपूजा रोज होते, आषाढी एकादशीला महापूजा. इथे ‘महा’ आकार सांगत नाही, वार सांगतो. एरवी नेमाने घडणारी गोष्ट त्या दिवशी विशेष रीतीने होणार, एवढंच त्यातून कळतं.

महाएपिसोड अगदी तसाच आहे. मालिका सोमवार ते शनिवार रोज अर्धा तास. मग एखाद्या रविवारी तासाभराचा भाग ठेवतात आणि आठवडाभर ताणून धरलेलं सगळं त्यात घालतात: लग्न लागतं, मंगळागौर होते, खलनायिकेचं पितळ उघडं पडतं. टीआरपीचा हिशेब आठवड्याचा असतो, त्यामुळे एक जास्तीचा तास आणि त्याआधी सहा दिवस वाजणारी जाहिरात वाहिनीला परवडते. हे शब्द हिंदी वाहिन्यांवरही होते, पण मराठी घरात ते कुणाला समजावून सांगावे लागले नाहीत, कारण नित्य आणि महा ही जोडी कानाला आधीपासून ओळखीची होती. रोजची मालिका ही ज्या घरात दिवेलागणीसारखी नेमाची झाली, तिथे रविवारच्या भागाला सणाचंच उपपद लागणार.

‘महासंगम’ मला याहून नेमका वाटतो. दोन मालिका एकाच कथेत आणायच्या, एकीतल्या कुटुंबाने दुसरीतल्या लग्नाला जायचं, आणि दोन्हींचा प्रेक्षक तासभर एकाच जागी बसवायचा. दोन वाहते प्रवाह एकत्र येतात, म्हणून संगम. ज्याने कुणी हा शब्द पहिल्यांदा लावला, त्याचा भाषेचा कान चांगला होता.

प्रतिसाद २

वरचं पटलं, पण एक जास्तीचा धागा जोडतो. महाराष्ट्रात ‘महा’ म्हणजे ‘महाराष्ट्र’ असंही आपण ऐकतो. महाबीज, महावितरण, महानिर्मिती, महारेरा, महामेट्रो या सगळ्यांत ‘महा’ हे राज्याच्या नावाचं लघुरूप आहे. २०१९च्या नोव्हेंबरात तीन पक्ष एकत्र आले तेव्हा आघाडीचं नाव आधी ‘महाराष्ट्र विकास आघाडी’ असं सांगितलं जात होतं, रूढ झालं ‘महाविकास आघाडी’. मोठी आघाडी आणि महाराष्ट्राची आघाडी हे दोन्ही अर्थ एका शब्दात आले. मराठी वाहिनी जेव्हा ‘महाअंतिम सोहळा’ म्हणते, तेव्हा हा राज्याचा अर्थही मागे कुठेतरी घुमत असतो. हिंदी वाहिनीच्या ‘महा’ला तो मिळत नाही.

आणि बोलण्यातला ‘महा’ विसरू नका. ‘तो महा वस्ताद आहे’, ‘महा बिलंदर’, ‘महा कंजूष’. माझी आजी हा ‘महा’ कधीही कौतुकाला लावत नसे. कुणाला ‘महा हुशार’ म्हटलं की समजावं, त्याच्यापासून जपून राहायला सांगते आहे.

प्रतिसाद ३ (सांगलीहून)

मला या चर्चेत ‘महापूर’ आणायचा आहे, कारण वाहिन्यांनी या शब्दाचं जे केलं त्याचा मला मनापासून राग आहे.

आमच्याकडे कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. पावसाळ्यात घरातलं लहान मूलही ‘किती झालं?’ विचारतं आणि उत्तर फुटांत मिळतं. पाणी पात्राबाहेर पडलं की आम्ही ‘पूर आला’ म्हणतो. ‘महापूर’ हा शब्द राखून ठेवलेला आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तो महापूर. त्याआधीचा २००५चा. लोक घर कधी बांधलं, लग्न कधी झालं हेसुद्धा ‘महापुराच्या आदल्या वर्षी’ असं सांगतात. २०१९च्या त्याच ऑगस्टमध्ये मुख्यमंत्र्यांची ‘महाजनादेश यात्रा’ चालू होती आणि पुरामुळे ती थांबवावी लागली. दोन्ही ‘महा’ एकाच बातमीत होते. एक पाण्याने ठरवलेला, दुसरा प्रचार करणाऱ्यांनी.

आता एखाद्या शहरात भुयारी मार्गात गुडघाभर पाणी साचलं तरी पडद्यावर लाल पट्टीत ‘महापूर’ येतो. मी तो शब्द वाचतो आणि पोटात गोळा येतो, मग चित्र बघितलं की कळतं. सामन्याला ‘महामुकाबला’ म्हणा, चर्चेला ‘महाचर्चा’ म्हणा, कुणाचं काही बिघडत नाही. ज्या शब्दावर माणसं गुरं सोडतात आणि घर रिकामं करतात, तो असा वापरू नये.

प्रतिसाद ४

सांगलीकर दादा, अगदी मान्य. माध्यमांच्या बाजूची एक चांगली गोष्टही नोंदवावीशी वाटते. २०२० साली ‘महामारी’ सगळीकडे झाली तेव्हा काही मराठी वर्तमानपत्रांनी ‘महासाथ’ असा शब्द वापरला. ‘साथ’ आपली, रोजच्या वापरातली. पटकीची साथ, डोळ्यांची साथ. ती जगभर पसरली म्हणून महासाथ. इथे ‘महा’ने अर्थात खरीच भर घातली. बोलण्यात ‘महामारी’ आणि नुसतं ‘करोना’च राहिलं, पण लिहिताना मी अजूनही ‘महासाथ’च वापरते.

संस्कृतच्या वर्गात शिकलेलं आणखी एक. काही शब्दांना ‘महा’ लावू नये असा एक जुना श्लोक आहे. शंख, तेल, मांस, वैद्य, ज्योतिषी, द्विज, यात्रा, वाट आणि झोप ही त्यातली यादी. यांना ‘महा’ लागला की अर्थ थोर होण्याऐवजी अशुभ होतो: महायात्रा म्हणजे शेवटची यात्रा, महानिद्रा म्हणजे मृत्यू, महामांस म्हणजे माणसाचं मांस. ‘महानिद्रा’ मराठीत आजही त्याच अर्थाने कळतो. त्यामुळे एखाद्या सहलीच्या किंवा मिरवणुकीच्या जाहिरातीत ‘भव्य महायात्रा’ दिसलं की निदान हा शब्द तरी बदला, असं कळवावंसं वाटतं.

प्रतिसाद १ (पुन्हा)

श्लोकाबद्दल आभार, तो माझ्या ध्यानात नव्हता. ताईंचे दोन प्रश्न राहिले होते.

संधीचं असं आहे. महोत्सव, महर्षी, महात्मा, महौषध हे शब्द संस्कृतातून संधी होऊनच आले. मराठीत नव्याने जोडलेल्या शब्दांत दोन रीती दिसतात. राज्यकारभाराची भाषा संधी करते, म्हणून ‘महाधिवक्ता’. वर्तमानपत्रं आणि वाहिन्या करत नाहीत. ‘महाआरती’ हे रूप १९९२-९३च्या मुंबईच्या बातम्यांतून सर्वदूर झालं, म्हणजे खासगी मराठी वाहिन्या यायच्याही आधी. तिथेही ‘महारती’ कुणी केलं नाही. कारण कानाशी आहे. ‘महांतिम सोहळा’ नुसता ऐकला तर ‘अंतिम’ हरवतो. ‘सदैव’च्या नियमाने ‘महैपिसोड’ केलात तर कुणाला काहीच कळणार नाही. ऐकणाऱ्याला दोन्ही भाग वेगळे कळले पाहिजेत, ही पडद्यावरच्या शब्दाची गरज आहे आणि ती मला योग्य वाटते. मात्र ‘महोत्सव’ हाताशी असताना ‘महाउत्सव’ करू नये. मुलांना मी हेच सांगेन.

लिहायचं जोडून. ‘महा वस्ताद’सारख्या बोलण्यातल्या प्रयोगात तोडलेलं चालतं, कारण तिथे ‘महा’ सुट्या विशेषणासारखा येतो.

प्रतिसाद ५ (परभणीहून)

जोडूनच लिहा, त्याला आमच्याकडचंही एक कारण आहे. मराठवाड्यात आणि वऱ्हाडातही कितीतरी ठिकाणी ‘महा’ म्हणजे ‘माझा’. महा भाऊ, मही बहीण, महं घर. पडद्यावर ‘महा एपिसोड’ असं तोडून आलं तर माझी आई ते ‘माझा एपिसोड’ असंच वाचते. वाहिन्यांच्या ‘महा’ने गावाकडच्या पोरांच्या बोलण्यातला हा ‘महा’ मागे पडत चालला आहे का, हे इथल्या मराठवाड्याच्या आणि विदर्भाच्या मंडळींनी सांगावं. आमच्या घरात पुतण्या आता ‘माझा’च म्हणतो, आई मात्र अजून ‘महा’.