पावसाळ्यात गाडीचं ऑटो लॉक बंद करून ठेवावं का?

हिंदमाता_पूर्व
पाऊस तोंडावर आलाय म्हणून विषय काढतो. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत वेग १५-२० किमीच्या वर गेला की चारही दारं आपोआप लॉक होतात. माझं सरळ मत असं की मुंबईत जून ते सप्टेंबर हे बंदच ठेवावं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, तेव्हा माणसं बंद गाड्यांत गुदमरून गेली. जुलै २०१९ मध्ये मालाड सबवेत पाण्यात अडकलेल्या गाडीत दोघांचा जीव गेला. सेंट्रल लॉकिंग विजेवर चालतं. त्याचं बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे लॉक चालवणारी इलेक्ट्रॉनिक डबी, बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डखाली असतं. तिथवर पाणी पोचलं की लॉक ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत अडकतं. मग ते आधीपासून उघडंच का असू नये? बाहेरून मदतीला आलेल्यालाही हँडल ओढून दार उघडता येईल.

ह्युंदाई-कियाच्या ज्या गाड्यांत सोय आहे तिथे सेटिंग्जमध्ये डोअर, मग ऑटोमॅटिक लॉक. त्यात 'बंद' हा पर्याय असतो. स्कोडा-फोक्सवॅगनमध्ये ओपनिंग अँड क्लोजिंगखाली ऑटो लॉकिंगची टिक काढायची. ज्यांच्या मेनूत काहीच नाही त्यांनी मॅन्युअल बघावं, नाहीतर सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावून बंद करून मागावं.

टूलबॉक्स
लॉक आणि पाण्याचा दाब यांची गल्लत होतेय. हिशेब करा. गाडीत अजून पाणी शिरलेलं नाही, दार साधारण १ मीटर रुंद आहे आणि दाराच्या खालच्या कडेपासून ५० सेमी पाणी बाहेर चढलंय असं धरा. त्या दारावर सुमारे १२५ किलोचा जोर येतो. दार बिजागरीवर फिरतं म्हणून हँडलच्या बाजूने ढकलायला याच्या निम्मा, म्हणजे साठेक किलो जोर लागेल. पाणी ७० सेमीवर गेलं की हाच आकडा १२० च्या घरात जातो. पाणी वीसच सेमी वाढलं, जोर मात्र जवळपास दुप्पट झाला. सीटवर बसून, खांद्याने, हे होत नाही. लॉक उघडं असलं तरी नाही. बाहेरून ओढणाऱ्यालाही तोच दाब आडवा येतो.

म्हणून बाहेर पडायचा रस्ता खिडकीचा. पाणी दाराच्या उंबऱ्याशी आलं की काचा खाली करायच्या, सीटबेल्ट काढायचा, मागची मुलं आधी बाहेर काढायची. पॉवर विंडो पाण्यात थोडा वेळ चालतात, पण किती वेळ याचा भरवसा नाही. काचा बंद ठेवून 'पाणी ओसरेल' म्हणत बसणं घातक आहे. ऑटो लॉक बंद केल्याने यातलं काहीही बदलत नाही.

आणि 'लॉक अडकतं' हेही अर्धंच खरं. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे सेंट्रल लॉकिंगला मॅन्युअल ओव्हरराइड सक्तीचा आहे. वीज गेली तरी आतून दार उघडता आलं पाहिजे.

मागची_सीट
ओव्हरराइडचा दाखला देणारे नेहमी ड्रायव्हरच्या दाराबद्दल बोलतात. पुढच्या दाराला अनेक गाड्यांत एकदा हँडल ओढलं की लॉकही निघतं आणि दारही उघडतं. मागे बहुधा तसं नसतं. कुठे दोनदा ओढावं लागतं, पहिल्या ओढीत लॉक सुटतं, दुसऱ्या ओढीत दार. कुठे आधी नॉब किंवा छोटी कळ हाताने सरकवावी लागते. घाबरलेली आजी अंधारात हे करणार आहे का? मागे म्हातारी माणसं रोज बसत असतील तर मी हिंदमाता_पूर्व यांच्या बाजूने.

शिवाय पाणी चढायच्या आधीची चार-पाच मिनिटं कुणी मोजत नाही. घोट्याएवढं पाणी आहे, इंजिन बंद पडलंय, तेव्हा दार सहज उघडतं. नेमकं त्या वेळी लॉकशी झटापट नको.

टूलबॉक्स
@मागची_सीट, घोट्याएवढ्या पाण्याचा मुद्दा मान्य. पण तेव्हा बॅटरी जिवंत असते. ड्रायव्हरच्या दारावरचं अनलॉकचं बटण दाबलं की चारही दारं मोकळी. त्यासाठी चार महिने फीचर बंद ठेवायची गरज नाही.

आणि मागचं दार आतून उघडत नाही या तक्रारींत निम्म्या वेळा गुन्हेगार चाइल्ड लॉक असतो. मागचं दार उघडल्यावर त्याच्या कडेला, लॅचच्या (दार बंद धरून ठेवणाऱ्या खटक्याच्या) जवळ, छोटी खिटी किंवा किल्ली फिरवायची खाच असते. ती लागलेली असेल तर ऑटो लॉक बंद असो की चालू, आतलं हँडल कितीही ओढा, काही होणार नाही. वॉशिंगवाल्याच्या हातून ती सरकते आणि कुणाला पत्ता नसतो. पावसाळ्याआधी ही खिटी बघा.

डेंट_पेंट_परळ
पाण्यावरच सगळे अडकलेत. ऑटो लॉकचं खरं काम धडकेत आहे.

दार बंद धरून ठेवतं ते लॅच, लॉक नव्हे. आंतरराष्ट्रीय चाचणीत पूर्ण लागलेल्या लॅचने ११,००० न्यूटन, म्हणजे अकराशे किलोंच्या आसपास ओढ सोसायची असते, अर्धवट लागलेल्याने ४,५०० च्या आसपास. यात लॉकचा संबंध नाही. मग लॉकने काय होतं? हँडल आणि लॅच यांना जोडणारी सळई किंवा केबल निष्क्रिय होते. बाजूने ठोकर बसून दाराचा पत्रा आत आला आणि ती सळई ओढली गेली, तर अनलॉक दार तिथल्या तिथे उघडू शकतं. गाडी गोल फिरत असताना उघडलेलं दार आणि बेल्ट न लावलेला मागचा प्रवासी, पुढचं सांगायला नको. अटल सेतूवर १०० ने जाणारी गाडी आणि दादर टीटीला रांगेत उभी असलेली गाडी यांना एकच नियम लावू नका.

धडकेनंतर अडकायचं म्हणाल, तर कंपनीचं लॉकिंग असलेल्या बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचं युनिट सिग्नल देतं आणि दारं आपोआप अनलॉक होतात. याला मर्यादा आहेत. एअरबॅग उडण्याइतका धक्का नसेल तर सिग्नल जाईलच असं नाही, आणि बॅटरीची केबल आधी तुटली तर मोटर फिरणार नाही. तेव्हा आतलं हँडलच कामाला येतं.

वर्सोवा_ते_फोर्ट
सिग्नलवरचे चोर कुणालाच आठवत नाहीत? एकजण ड्रायव्हरच्या काचेवर टकटक करून 'तेल गळतंय' म्हणतो, दुसरा डावीकडचं दार उघडून सीटवरची बॅग उचलतो. हाताने लॉक करता येतं हे खरं, पण कुणी करत नाही. ऑटो लॉक त्या आळसासाठीच आहे.

वायरिंगवाला_कुर्ला
एक वाद बाजूला राहिलाय. वरची सगळी चर्चा कंपनीच्या लॉकिंगची आहे. बाहेरून बसवलेलं सेंट्रल लॉकिंग असेल तर त्यातलं ऑटो लॉक नक्की बंद करा, पावसाळा असो नसो.

त्यात ड्रायव्हरच्या दारात पाच वायरचा मास्टर अॅक्चुएटर (लॉक सरकवणारी छोटी मोटर), बाकी दारांत त्याच्या हुकमावर चालणारे दोन वायरचे स्लेव्ह आणि डॅशबोर्डखाली एक डबी असते. एअरबॅगच्या युनिटशी तिचा सहसा काडीचा संबंध नसतो, त्यामुळे धडकेत ती काहीही उघडत नाही. अनेक डब्या इग्निशन लावताच लॉक मारतात. मॉडेलप्रमाणे एखादी वायर सुटी करून किंवा जंपर बदलून हे बंद होतं. बसवणाऱ्याकडूनच करून घ्या.

फ्यूज काढून 'बंद' करू नका, कंपनीच्या गाडीत तर अजिबात नाही. त्याच फ्यूजवर आणखी काय काय असेल सांगता येत नाही, आणि धडकेतलं अनलॉकही त्याबरोबर जातं.

दारातून खांबाकडे जाणाऱ्या रबरी नळीत वायर वाकून वाकून तुटते. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं चिखलाने बुजली की आत पाणी साठतं आणि अॅक्चुएटर गंजतो. एखादं दार उशिरा किंवा अर्धवट लॉक होत असेल तर आधी हे बघा.

हिंदमाता_पूर्व
धडकेचा मुद्दा सेतूसाठी आणि फ्रीवेसाठी पटतो. परळ-सायन पट्ट्यात, गांधी मार्केटला पाणी भरलेलं असताना गाडीचा वेग असतो किती? तिथे माझं मत तेच. राहिलं अनलॉकचं बटण. काही गाड्यांत ते दाबल्यावर पुन्हा वेग वाढला की दारं परत लॉक होतात. आपल्या गाडीत काय होतं ते मोकळ्या रस्त्यावर एकदा तपासा.

टूलबॉक्स
तपासायचंच तर पूर्ण तपासा. सगळ्या काचा आधी खाली करा, हे विसरू नका. चाइल्ड लॉक काढा, आतून दारं लॉक करा, मग दुसऱ्या कुणाला तरी बॉनेट उघडून १० च्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडायला सांगा. आता चारही सीटवर पाळीपाळीने बसून आतलं हँडल ओढा. किती ओढींत उघडतं, नॉब कुठे आहे, हे मागे बसणाऱ्यांच्या हाताला कळू द्या. केबल परत जोडल्यावर घड्याळ लावावं लागेल, काही गाड्यांत एका टचने वर जाणारी काच पुन्हा शिकवावी लागते.

मागची_सीट
आणि काच फोडायची वेळ आली तर पुढची नको, ती लॅमिनेटेड असते, तडकते पण सुटत नाही. बाजूच्या काचेवर, कोपऱ्याजवळ, स्प्रिंगचा पंच (काच फोडायचं टोकदार छोटं हत्यार) दाबायचा. काही महागड्या गाड्यांत बाजूच्या काचाही लॅमिनेटेड येतात, काचेच्या कोपऱ्यातला छाप वाचून घ्या.