व्हीपीएस बदलल्यावर पोस्टफिक्स सुरूच होत नाहीये, स्टेटस मात्र हिरवं दिसतंय

वाचनालय_डेस्क

नमस्कार मंडळी. आमच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचा मेल सर्व्हर मी सांभाळते. उबुंटू २२.०४ आहे, मेलची ने-आण करायला पोस्टफिक्स आणि आलेले मेल दाखवायला डव्हकॉट. जुन्या होस्टिंगवाल्याचा करार संपला म्हणून सगळं दुसऱ्या कंपनीच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर) हलवलं, कॉन्फिग फाइल्स जशाच्या तशा कॉपी केल्या, डीएनएसमध्ये ए रेकॉर्ड (डोमेनचं नाव कुठल्या आयपीकडे जातं ती नोंद) बदलला. डव्हकॉट व्यवस्थित चालू झालं, म्हणजे जुने मेल सगळ्यांना दिसतायत, पण नवीन एकही मेल येत नाही आणि जातही नाही.

सिस्टमसीटीएल स्टेटस पोस्टफिक्स केलं की हिरव्या अक्षरात अ‍ॅक्टिव्ह येतं आणि पुढे कंसात एक्झिटेड. मग चालू आहे का बंद? रीस्टार्ट केलं तरी काही एरर न देता प्रॉम्प्ट परत येतो. पोस्टफिक्स चेक चालवलं तर रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ नावाच्या दोन फाइल्समध्ये फरक आहे अशी वॉर्निंग आली, मला वाटतं हेच कारण असावं. रोज सकाळी क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) "पुस्तक परत करायची मुदत संपली" असे मेल सभासदांना जातात ते पण बंद आहेत, आणि मुख्य काळजी म्हणजे ग्रंथालय संचालनालयाकडून अनुदानाच्या कागदपत्रांबद्दल मेल यायचा आहे, तो हरवला तर मोठी पंचाईत होईल. पोस्टफिक्स काढून परत टाकू का? कृपया लवकर सांगा.

मिरजकर

ताई, परत इन्स्टॉल अजिबात करू नका, आणि पर्ज (मुळापासून काढून टाकणं) तर नाहीच नाही, त्यात इटीसीमधलं कॉन्फिग पण जाईल.

माझा अंदाज, २५ नंबरचं पोर्ट, ज्यावर मेल सर्व्हर मेल घेतो ते, दुसऱ्या कशाने तरी धरलंय. नवीन व्हीपीएसच्या रेडिमेड इमेजमध्ये कधी कधी आधीच काहीतरी मेलचं बसवलेलं असतं, किंवा डॉकरचा एखादा कंटेनर २५ घेऊन बसतो. एसएस कमांडला एल टी एन पी हे फ्लॅग देऊन सुडोने चालवा आणि २५ समोर कुणाचं नाव येतंय बघा. तसं असेल तर लॉगमध्ये "अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज" असं पण दिसेल.

वाचनालय_डेस्क

बघितलं. २५ वर कुणीच नाही. २२, ८०, ४४३, १४३ आणि ९९३ एवढेच दिसतायत.

रूटवाला

मग पोर्टचं भांडण नाही. २५ रिकामं आहे याचा अर्थ पोस्टफिक्स बंदच आहे, हिरव्या रंगाकडे लक्ष देऊ नका.

यामागचं कारण समजून घ्या म्हणजे पुढच्या वेळी तासन्‌तास जाणार नाहीत. डेबियन आणि उबुंटूने (निदान तुमच्या २२.०४ मध्ये) पोस्टफिक्सची सर्व्हिस दोन भागात ठेवलीय. "पोस्टफिक्स" या नावाची जी सर्व्हिस आहे ती नुसती नावाला आहे, ती ट्रू ही कमांड चालवते, ती कमांड लगेच यशस्वी होऊन संपते, म्हणून अ‍ॅक्टिव्ह एक्झिटेड. एकाच मशीनवर पोस्टफिक्सचे अनेक इन्स्टन्स चालवता यावेत म्हणून ही सोय केलीय. खरं काम करणाऱ्या सर्व्हिसचं नाव आहे पोस्टफिक्स, त्याला चिकटून अ‍ॅटचं चिन्ह, त्याला चिकटून डॅश. स्टेटस तिचं बघा, आणि जर्नलसीटीएलला पण तेच नाव द्या. तिथे लाल दिसेल बघा. त्याशिवाय व्हार लॉगमधली मेल डॉट लॉग उघडा आणि त्यात फेटल हा शब्द शोधा.

रिझॉल्व्ह डॉट कॉन्फचं आता विसरा. पोस्टफिक्सचे काही प्रोसेस व्हार स्पूल पोस्टफिक्स या फोल्डरमध्ये क्रूट करून कोंडलेले असतात, त्यांना बाहेरची इटीसी दिसत नाही म्हणून आत तिची एक प्रत ठेवतात. सर्व्हर बदलला की बाहेरचे नेमसर्व्हर बदलतात आणि आतली प्रत जुनी राहते, एवढंच ती वॉर्निंग सांगतेय. उबुंटूची सर्व्हिस नीट सुरू होताना ही प्रत नव्याने करून घेते. पोस्टफिक्स वॉर्निंगमुळे थांबत नाही, फेटलमुळे थांबतं, म्हणून आधी फेटलची ओळ. पहिली ओळ पाठवा, शेवटची नको, कारण शेवटी "मेल सिस्टम स्टार्टअप फेल्ड" असलं काहीतरी असतं आणि त्यावरून काहीच कळत नाही.

आणि संचालनालयाच्या मेलची काळजी इतक्यात करू नका. तुमचा सर्व्हर उत्तर देत नसला की पाठवणाऱ्याचा सर्व्हर तो मेल स्वतःच्या रांगेत ठेवतो आणि थोड्या थोड्या वेळाने परत प्रयत्न करतो. एसएमटीपीच्या (मेल पाठवण्याच्या पद्धतीच्या) नियमांच्या दस्तऐवजात, आरएफसी ५३२१ मध्येच लिहिलंय की हार मानायच्या आधी साधारण ४ ते ५ दिवस तरी थांबावं, पोस्टफिक्सचा स्वतःचा डीफॉल्ट ५ दिवस आहे. सगळे तेवढं थांबतीलच असं नाही, पण शांतपणे दुरुस्ती करायला वेळ आहे.

वाचनालय_डेस्क

खूप आभार सर, त्या नावाने बघितलं तर खरंच लाल आहे! फेटलची पहिली ओळ अशी आहे:

फेटल: पॅरामीटर आयनेट_इंटरफेसेस: नो लोकल इंटरफेस फाउंड फॉर, आणि पुढे आमचा नवीन पब्लिक आयपी.

आता हे मला कळत नाहीये. मेन डॉट सीएफमध्ये आयनेट_इंटरफेसेसला जुना आयपी होता तो बदलून मी नवीन घातलाय, नवीन होस्टिंगवाल्याच्या पॅनलवरूनच कॉपी केलाय, त्याच आयपीवर एसएसएच करून मी आत्ता आत बसलेय, वेबसाइट पण त्याच आयपीवर उघडते. तरी हा आयपी इथे नाहीच असं का म्हणतंय?

रूटवाला

मशीनवर आयपी ए कमांड चालवा आणि कुठले पत्ते दिसतात सांगा. सगळे आकडे नकोत, सुरुवातीचे पुरे.

वाचनालय_डेस्क

लूपबॅक (मशीनचा स्वतःशीच बोलायचा पत्ता) १२७ वाला. मग ईथरनेटवर १०.० ने सुरू होणारा एक, आणि एक लांबलचक आयपीव्ही६. पॅनलवरचा पब्लिक आयपी कुठेच नाही!!

रूटवाला

सापडलं. पोस्टफिक्स बरोबरच बोलतंय.

जुन्या होस्टिंगकडे पब्लिक आयपी थेट तुमच्या व्हीपीएसच्या नेटवर्क कार्डावर होता. नवीन कंपनी नॅट करते, म्हणजे पब्लिक आयपी त्यांच्या गेटवेवर आहे आणि तिथून सगळं ट्रॅफिक तुमच्या १०.० वाल्या खाजगी पत्त्यावर वळवलं जातं. क्लाउडमध्ये हा प्रकार सर्रास असतो. सोसायटीच्या गेटवरचा पत्ता आणि आतला फ्लॅट नंबर यात जो फरक तोच. एसएसएच आणि वेबसाइट चालतात कारण ते दोघे मशीनवरच्या सगळ्या पत्त्यांवर ऐकतात, त्यांना कुणी विशिष्ट आयपी दिलेला नाही. पोस्टफिक्सला मात्र आयनेट_इंटरफेसेसमध्ये सांगितलंय की फक्त ह्याच पत्त्यावर ऐक, आणि तो पत्ता मशीनवर नाही, मग ते सुरू व्हायला नकार देतं.

उपाय असा. मेन डॉट सीएफमध्ये आयनेट_इंटरफेसेससमोर ऑल (म्हणजे सगळे पत्ते) लिहा, आणि प्रॉक्सी_इंटरफेसेस नावाचा दुसरा पॅरामीटर आहे तिथे पब्लिक आयपी लिहा. तो खास नॅटसाठीच आहे, "बाहेरून मी या पत्त्यानेही ओळखला जातो" एवढं पोस्टफिक्सला कळतं. तुम्ही दुसऱ्या कुठल्या डोमेनचा बॅकअप एमएक्स (मुख्य सर्व्हर बंद असताना मेल घेणारा) असाल तर हा आवश्यकच, नाहीतर सर्व्हर स्वतःलाच मेल पाठवत गोल गोल फिरतो. तुमच्याकडे तसं नसेल तरी लिहून ठेवा.

आणि हे बदलल्यावर रीलोड पुरत नाही. आयनेट_इंटरफेसेस बदलला की पोस्टफिक्स पूर्ण स्टॉप करून स्टार्ट करावं लागतं, डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय. अनेक जण इथेच अडकतात, बदल बरोबर केलेला असतो पण नुसतं रीलोड मारतात आणि मग भलतंच शोधत बसतात.

शांत_पेंग्विन

रूटवाला यांनी सांगितलं ते बरोबरच आहे. सेम मेसेज शोधत कुणी इथे आलं तर त्यांच्यासाठी आणखी एक प्रकार लिहून ठेवतो. "नो लोकल इंटरफेस फाउंड फॉर" च्या पुढे आयपी नसून दोन कोलन आणि १ असेल तर ती नॅटची भानगड नव्हे. तो आयपीव्ही६ चा लूपबॅक आहे. कुणीतरी सिस्टमवर आयपीव्ही६ बंद केलेलं असतं पण इटीसी होस्ट्समध्ये लोकलहोस्टच्या नावासमोर तो पत्ता तसाच राहिलेला असतो आणि आयनेट_इंटरफेसेसला लोकलहोस्ट असतं. तिथे आयनेट_प्रोटोकॉल्स बरोबर आयपीव्ही४ केलं की सुटतं. सेंटओएस ७ वर हे मी भरपूर ठिकाणी बघितलंय.

ताई, तुमच्यासाठी महत्त्वाचं: मायनेटवर्क्स तपासा. पोस्टकॉन्फ मायनेटवर्क्स चालवलं की दिसेल. त्यात जुन्या होस्टिंगचा आयपी किंवा रेंज राहिली असेल तर आत्ताच काढा. तो पत्ता आता दुसऱ्या कुणाला दिला गेला असेल आणि तुमचा सर्व्हर त्याला घरचा माणूस समजून पासवर्ड न मागता त्याचे मेल पुढे पाठवेल. शिवाय खूप जुन्या कॉन्फिगमध्ये मायनेटवर्क्स लिहिलेलंच नसतं, मग कम्पॅटिबिलिटी लेव्हल २ पेक्षा कमी असेल तर पोस्टफिक्स आख्ख्या सबनेटवर (आजूबाजूच्या पत्त्यांच्या गटावर) विश्वास ठेवतं, आणि १०.० च्या सबनेटमध्ये तुमच्याच होस्टिंगवाल्याची इतर गिऱ्हाइकं असू शकतात. स्पष्टपणे फक्त १२७ वालं आणि आयपीव्ही६ चं लूपबॅक एवढंच लिहा. वाचनालयाचे कर्मचारी तर ५८७ वरून पासवर्ड टाकूनच पाठवत असतील ना, मग त्यांना काही फरक पडणार नाही. एकदा ओपन रिले (कुणाचेही मेल पुढे पाठवणारा सर्व्हर) झालात की ब्लॅकलिस्टमधून नाव काढणं फार त्रासाचं असतं, म्हणून एवढं लिहितोय.

वाचनालय_डेस्क

झालं!!! ऑल केलं, प्रॉक्सी_इंटरफेसेस लिहिला, स्टॉप आणि स्टार्ट. आता २५ समोर मास्टर (पोस्टफिक्सचा मुख्य प्रोसेस) दिसतंय आणि लगेच मेल धडाधड यायला लागले, कालपासूनचे सुद्धा. संचालनालयाचा मेल पण आला, जीव भांड्यात पडला. मायनेटवर्क्समध्ये खरंच जुनी रेंज होती, काढली.

दोन प्रश्न उरलेत. मुदत संपल्याचे मेल जे या दिवसांत जायला हवे होते ते पोस्टक्यू पी (रांग दाखवणारी कमांड) मध्ये दिसत नाहीत, कुठे गेले? आणि जीमेलच्या पत्त्यांवर पाठवलेले मेल परत येतायत, ५५० चा एरर आहे आणि त्यात आयपीव्ही६ आणि पीटीआर असं काहीतरी लिहिलंय. याहू आणि संचालनालयाकडे मात्र व्यवस्थित गेले.

मिरजकर

अभिनंदन ताई! पोर्टचा अंदाज चुकला पण यातून मलाही प्रॉक्सी_इंटरफेसेस कळला, नॅटच्या मागे सर्व्हर चालवूनही हा कधी वापरला नव्हता.

रूटवाला

मुदतीचे मेल रांगेत पोचलेच नाहीत. नुसतं पोस्टफिक्स बंद असतं तर क्रॉनने सेंडमेल कमांडला दिलेले मेल मेलड्रॉप फोल्डरमध्ये थांबले असते आणि सुरू झाल्यावर निघाले असते. पण सेंडमेल कमांड पण तीच मेन डॉट सीएफ वाचते, त्यामुळे बहुतेक ती सुद्धा याच फेटलवर मेली. लॉगमध्ये पोस्टफिक्स सेंडमेल नावाने तशा ओळी दिसतील, खात्री करून घ्या. दिसल्या तर ती स्क्रिप्ट त्या तारखांसाठी परत चालवावी लागेल. सभासदांना दंड लागत असेल तर त्या दिवसांचा दंड लावायच्या आधी हे समितीच्या कानावर घाला, त्यांना सूचना मिळालेलीच नाही.

जीमेलचं असं. फेब्रुवारी २०२४ पासून त्यांनी नियम कडक केलेत, छोट्या पाठवणाऱ्यांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या सोयी) लागतं, आणि ज्या आयपीवरून मेल येतो त्याचं रिव्हर्स डीएनएस, म्हणजे पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी नोंद), जुळावं लागतं. तुमच्या नवीन मशीनला आयपीव्ही६ चा पत्ता आहे, जीमेलकडे मेल त्या वाटेने जातात आणि त्या पत्त्याला पीटीआर नाही.

लगेच मार्ग हवा असेल तर आयनेट_प्रोटोकॉल्स बरोबर आयपीव्ही४ करा, परत स्टॉप आणि स्टार्ट. मग नवीन होस्टिंगच्या पॅनलमध्ये जाऊन आयपीव्ही४ चा पीटीआर तुमच्या मेल सर्व्हरच्या नावाला लावा, तो तुमच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये लागत नाही, आयपी ज्याचा त्याच्याकडेच लागतो, पॅनलमध्ये सोय नसेल तर त्यांच्या सपोर्टला तिकीट टाका. ते नाव परत त्याच आयपीकडे वळलं पाहिजे आणि मायहोस्टनेम पण तेच ठेवा. एसपीएफच्या टीएक्सटी रेकॉर्डमध्ये जुना आयपी असेल तो काढून नवीन टाका, इथे पब्लिक आयपीच, १०.० वाला नाही. परत आलेले मेल आपोआप जाणार नाहीत, ५५० म्हणजे कायमचा नकार, ते पाठवणाऱ्यांनी पुन्हा पाठवायचे. ४ ने सुरू होणारे एरर असतील ते रांगेत असतात, ते पोस्टक्यू एफ ने ढकलता येतील.

शांत_पेंग्विन

आणि बाहेरून २५ टेस्ट करायचं असेल तर घरच्या ब्रॉडबँडवरून करू नका, बऱ्याच कंपन्या बाहेर जाणारं २५ बंद ठेवतात, उगाच वाटेल सर्व्हर परत बंद पडला. दुसऱ्या एखाद्या सर्व्हरवरून करा.

वाचनालय_डेस्क

आयपीव्ही४ केलं, जीमेलला गेला मेल, स्पॅममध्ये पडला पण गेला. एसपीएफ बदललाय. पॅनलमध्ये पीटीआरची सोय नाही म्हणून तिकीट टाकलंय. सेंडमेलच्या फेटल ओळी लॉगमध्ये सापडल्या, स्क्रिप्ट त्या तारखांसाठी आज रात्री चालवते, आणि दंडाचं सचिवांशी बोलले, ते म्हणाले त्या दिवसांचा कुणालाच लावायचा नाही.

रूटवाला

उत्तम. स्क्रिप्ट मात्र आज रात्री नको, पीटीआर लागेपर्यंत थांबा. शंभर-दोनशे सभासदांना एकदम मेल गेले आणि पीटीआर जुळत नसला तर नवीन आयपीची पत पहिल्याच दिवशी जाईल. तिकीट मार्गी लागलं की आयपीवर होस्ट कमांड चालवून नाव बरोबर येतंय बघा, मग पाठवा, तेही थोडे थोडे करून.

वाचनालय_डेस्क

बरं झालं सांगितलंत, क्रॉन बंद करून ठेवते.