‘गत’ चालत नाही, ‘सारखा’च पाहिजे म्हणे

पंचगंगाकाठचा
पोरगी चौथीत आहे. परवा तिची वही चाळली. अलंकारांचं पान. ज्याची तुलना करायची ते उपमेय, ज्याच्याशी करायची ते उपमान, सगळं पाठ. खाली स्वतःचं एक वाक्य लिहायचं होतं. हिनं लिहिलं, ‘आज्जीचा हात भाकरीगत खरखरीत आहे.’ त्यावर तांबडी फुली आणि शेरा: ‘उपमावाचक शब्द नाही. सारखा, समान, प्रमाणे, जसा, परी यांपैकी वापरा.’

आता ‘गत’ म्हणजे दुसरं काय असतं हो? अख्खं कोल्हापूर दिवसभर गत-गत करतंय. माझं मत सांगतो, पटलं तर बघा. नऊ वर्षांच्या पोरांना ही नावं शिकवूच नयेत. कविता म्हणू द्यात, चाल लावू द्यात. उपमा, यमक, अनुप्रास आठवीत बघता येईल.

खडू_आणि_डस्टर
वीस वर्षं प्राथमिकला शिकवते. फुली साफ चूक, दुमत नाही. पण राग फुलीचा आणि हाकलायचं नावांना, हे काही पटलं नाही दादा.

माझ्या वर्गातलं सांगते. ‘बाळ सारखा रडतो’ असं वाक्य फळ्यावर लिहिलं. निम्म्या वर्गानं हात वर केले, उपमा! ‘सारखा’ दिसला ना. म्हटलं, बरं, उपमेय दाखवा, उपमान दाखवा. मागच्या बाकावरचा एक उठला आणि म्हणाला, “बाई, हितं बाळ एकटंच हाय की.” ते दोन शब्द ठाऊक नसते तर त्यानं काय शोधलं असतं? नुसती यादी पाठ करून घेतली की तुमच्या मुलीसारखं होतं.

रंकाळ्याचा_वारा
अवांतर: आमच्यात उपमा खात नाहीत, उप्पीट खातात. त्यामुळं निदान तो गोंधळ तरी नाही.

जुना_हेडमास्तर
बाईंशी सहमत, आणि मी एक पाऊल पुढं जातो. लघु-गुरू, म्हणजे आखूड आणि लांब उच्चाराची अक्षरं, हेसुद्धा लहानपणीच द्यावेत, फक्त वहीत नकोत, टाळीत द्यावेत. ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ घ्या. लघूला चुटकी, गुरूला टाळी. चुटकी-टाळी-टाळी, चार वेळा. ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू: लगागा लगागा लगागा लगागा, झालं भुजंगप्रयात वृत्त. ‘सज्जना’तल्या ‘स’वर पोरं अडतात. अक्षर तर ऱ्हस्व, मग टाळी का? मोठ्यानं म्हणायला लावा. पुढच्या ज्ज चा आघात ‘स’वर येतो, हे तोंडालाच कळतं. जोडाक्षराचा नियम त्यानंतर सांगितला तरी चालतो.

आणि हे कोल्हापूर आहे. कवी माधव जूलियन इथंच राजाराम कॉलेजात शिकवत होते. वृत्तांवरचा ‘छंदोरचना’ हा ग्रंथ त्यांचाच. या गावात वृत्तांची भीती घालायची म्हणजे तालमीत येऊन मातीला नाकं मुरडण्यातली गत.

(बघा, मीपण ‘गत’ वापरला. हा मात्र वेगळा. ही नामाची ‘गत’, उपमेची नव्हे. हाही वर्गात विचारण्याजोगा प्रश्न.)

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
सर, आदर ठेवून बोलतो. ‘छंदोरचना’ चौथीच्या पोरांसाठी लिहिलेली नाही. तुम्ही टाळ्या वाजवून घेताय, छान. पण पेपरात काय येतं? ‘अलंकार ओळखा, एक गुण.’ बाकीच्या वर्गांत मग त्या एका गुणासाठीच शिकवणी चालते. माझ्या भाच्याला दहा अलंकार येतात आणि एक कविता येत नाही. खोटं वाटत असेल तर विचारा त्याला.

खडू_आणि_डस्टर
भाच्याचं खरं असणार. म्हणून क्रम उलटा करते मी. आधी पंधरा दिवस कविता, मग पोरांच्याच तोंडची वाक्यं फळ्यावर, आणि नाव सगळ्यात शेवटी. वेळ जातो. अभ्यासक्रम मागं राहतो, हेही कबूल.

पंचगंगाकाठचा
बाई, ‘बाळ एकटंच हाय’नं मला निम्मं गप्प केलं. आठवीपर्यंत थांबायचं मागं घेतो, पण आधी कविता हे सोडत नाही. फुलीबद्दल उद्या शाळेत जाऊन नीट बोलणार आहे, भांडायला नव्हे.

तुमचं वाक्य पोरीला वाचून दाखवलं. तेव्हापासून घरात ‘सारखा’ शोधणं चाललंय. मघाशी मी ओरडलो, “सारखं सारखं विचारू नकोस गं!” तर म्हणते, “पप्पा, दोनदा आलाय, तरी उपमा न्हाई.”