विसराळू, विसरभोळा आणि ‘राहून गेलं’

‘विसराळू’ आणि ‘विसरभोळा’ हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. माझ्या मते त्यांच्यात फरक आहे आणि तो जपायला हवा. ‘आळू’ हा प्रत्यय स्वभाव किंवा सवय दाखवतो: झोपाळू, लाजाळू, मायाळू, तसाच विसराळू. ‘विसरभोळा’मधला ‘भोळा’ मात्र त्या माणसाला आधीच माफ करून टाकतो. विसरण्यामागे लबाडी नाही, अशी ग्वाही त्या शब्दातच आहे. म्हणून केलेले उपकार विसरणाऱ्याला कोणी विसरभोळा म्हणत नाही. त्याला ‘जाण नाही’ म्हणतात.

वेंधळा आणि धांदरट या दोघांना आपण याच रांगेत बसवतो, पण त्यांचा प्रश्न स्मरणाचा नाहीच. एकाचं लक्ष ठिकाणावर नसतं, दुसऱ्याला घाई असते. चष्मा कुठे ठेवला हे सांगता येत नाही, कारण ठेवताना तिकडे लक्षच नव्हतं. ‘लक्षात आलं नाही’ आणि ‘लक्षात राहिलं नाही’ या दोन वाक्यांत हा भेद मराठीने किती नेमका पकडला आहे!

आता क्रियापद. ‘विसरणे’ सकर्मक असूनही भूतकाळात ‘ने’ घेत नाही. ‘त्याने छत्री आणली’, पण ‘तो छत्री विसरला’. शिकणे, बोलणे, म्हणणे हीसुद्धा याच गटातली. इथे क्रियापद कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं, म्हणजे विसरणारा समोर उभा असतो. ‘त्याला छत्रीचा विसर पडला’ म्हटलं की कर्ता होतो ‘विसर’, आणि माणूस ‘ला’ लावून बाजूला सरकतो. ‘छत्री तिथेच राहिली’ या वाक्यात तर तो उरतच नाही. ‘सांगायचं राहून गेलं’, ‘डोक्यातून निघून गेलं’ ही त्याच वळणाची वाक्यं.

याला मी पळवाट म्हणणार नाही. विसरणं कोणी ठरवून करत नाही, त्यामुळे ‘राहून गेलं’ हे वस्तुस्थितीला धरूनच आहे. पण आपल्या विसरण्याने दुसऱ्याचं नुकसान झालं असेल, तर तिथे ‘मी विसरलो’ असंच म्हणावं. बोलण्यात ‘माझी छत्री विसरली’ असंही ऐकू येतं. प्रमाण लेखनात ते चालत नाही, पण हसण्यासारखंही नाही. ‘राहिली’च्या साच्यात ‘विसरली’ बसवलेलं आहे, इतकंच.

‘अगदी ओठांवर आहे, पण आठवत नाही’ ही आणखी वेगळी अवस्था. रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील या मानसशास्त्रज्ञांनी 1966 साली तिच्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. शब्द आठवत नसतानाही त्याचं पहिलं अक्षर किंवा त्यातल्या उच्चारखंडांची (सिलेबल्सची) संख्या अनेकांना सांगता येत होती, असं त्यांना आढळलं. म्हणजे शब्द हरवलेला नसतो, सापडत नसतो. ‘विसरलो’ आणि ‘आठवत नाही’ हे म्हणूनच समानार्थी नव्हेत.

‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द जपून वापरावा असं मला मनापासून वाटतं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो येतो तो क्रोधाच्या संदर्भात: क्रोधातून संमोह, मग स्मृतीचा भ्रंश, मग बुद्धिनाश. आज वैद्यकात तो डिमेन्शियासाठी रूढ आहे. अल्झायमर हे त्याचं सर्वांत मोठं कारण. अलॉइस अल्झायमर यांनी 1906 साली या आजाराचं पहिलं वर्णन मांडलं. किल्ली कुठे ठेवली हे न आठवणं कोणालाही होतं. किल्ली हातात असताना ती कशासाठी असते हेच न सुचणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिथे ‘हल्ली फार विसरभोळे झालेत’ म्हणून विषय सोडून दिला तर डॉक्टरांकडे जायला उशीर होतो. ‘साठी बुद्धी नाठी’ आणि ‘म्हातारचळ’ हे तर अशा माणसासमोर उच्चारूच नयेत.

या आजारात नव्या आठवणी तयार होण्याची क्षमता सहसा लवकर कमी होते. त्यामुळे ‘आत्ताच सांगितलं ना, पुन्हा विसरलात?’ यातला ‘विसरलात’ हा शब्दच तिथे लागू पडत नाही. विसरायला ते मनात नोंदलं गेलेलं असावं लागतं. तीच गोष्ट पहिल्यांदाच सांगतोय अशा स्वरात पुन्हा सांगावी.