‘पुश’ आणि ‘शव्ह’ : दोन्ही ढकलणंच ना?

ऐरोलीकर
आमचे मोठे साहेब अमेरिकेत बसतात. काल रात्रीच्या कॉलवर सॉफ्टवेअरच्या रिलीजच्या तारखेवरून काथ्याकूट चालला होता, तर म्हणाले, "इफ पुश कम्स टु शव्ह, रिपोर्टचं मॉड्युल सोडून देऊ." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही. पण पुश म्हणजे ढकलणं, शव्ह म्हणजेही ढकलणंच. मग ढकलण्यावरून ढकलण्यावर यायचं म्हणजे काय? आणि ‘शव्हल’, म्हणजे फावडं, यातलंच का?

नौपाड्याच्या बाई
सकाळी ठाण्याला दहा नंबरवर उभे राहून बघा. वाशी गाडी यायच्या आधी मागून जो संथ दाब येत राहतो, तो पुश. गाडी थांबते न थांबते तोच कुणीतरी बॅग पोटाशी धरून खांदा मारतो, तो शव्ह. आपल्याकडे पहिल्याला रेटा म्हणतात, दुसऱ्याला धक्का. रेटा लावून धरतात. धक्का एकदाच बसतो आणि त्यात उद्धटपणा असतो. रेटारेटीची धक्काबुक्की झाली की पुशचा शव्ह झाला. ‘हातघाईवर आलं तर’ हे मला सगळ्यात जवळचं वाटतं. म्हण अमेरिकेतली आहे. शाळेत आम्ही ब्रिटिश पुस्तकं घोकून घेतली, त्यांत ती कधी भेटली नाही.

दोघांची घराणी मात्र निरनिराळी. शव्ह हा इंग्रजीच्या मूळ घरातला. जुन्या इंग्रजीत ‘स्कूफान’ असं लिहीत, उच्चार साधारण ‘शूवान’. जर्मनमधलं ‘शीबन’ त्याचं भावंड. पुश हा फ्रेंचमधून आलेला पाहुणा. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीन शतकं फ्रेंच शब्दांची रीघ लागली, त्यातला हा एक. मूळ लॅटिन ‘पुल्सारे’, म्हणजे ठोकणं, आदळणं. डॉक्टर मनगट धरून मोजतात ती पल्स याच घरची. प्रोपेल, एक्सपेल, कम्पेल हीसुद्धा त्याच धातूची पोरं.

शव्हलबद्दलचा तुमचा अंदाज बरोबर आहे. उलथायचं ते उलथणं, लाटायचं ते लाटणं, तसंच शव्ह करायचं ते शव्हल. गंमत म्हणजे कापलेल्या पिकाची पेंढी, ती ‘शीफ’, हीसुद्धा याच कुळातली: एकत्र लोटून बांधलेली.

खाडीकाठचा
बाई, ‘शव्ह ऑफ’ राहिलं. आम्ही चेंदणी कोळीवाड्यातले. आजोबा होडी काढताना बांबू चिखलात रोवून अख्खं अंग त्यावर टाकायचे, होडी सुटली की बांबू चिखलातून उपटताना ‘चप्प’ आवाज यायचा. खलाशांचं शव्ह ऑफ म्हणजे नेमकं हेच ना?

नौपाड्याच्या बाई
हेच. काठाला रेटा देऊन होडी पाण्यात लोटणं. जुन्या इंग्रजीतही हे क्रियापद जहाज पाण्यात लोटायला वापरलेलं सापडतं. माणसाला ‘चालता हो’ म्हणायला ते नंतर लागलं. ऐरोलीकर, साहेबांना म्हणू नका.

ऐरोलीकर
नाही म्हणत! आमच्याकडे कोड पुश करतात, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम सर्व्हरवर चढवतात, पण शुक्रवारी संध्याकाळी सातला जो करतात त्याला शव्हच म्हणायला हवं. एक शेवटचं: डाळींना पल्सेस म्हणतात, त्याही याच घरच्या का?

नौपाड्याच्या बाई
नाही हो, नुसतं नामसाधर्म्य. ते लॅटिन ‘पुल्स’वरून आलं, म्हणजे रोमन लोक खायचे ती पिठाची घट्ट पेज.